अप्पांचा फॉस्फरस खाली येईना, गाड्यावरचं खाणं कारण असेल काय?

निपाणीवाला: नमस्कार मंडळी. अप्पांना शुगरमुळं किडनीचा त्रास झालाय, डायलिसिस अजून नाही. केळी, शहाळं, टोमॅटोचं सार सगळं बंद केलं, दूध पण अर्धा कप, तरी ह्या रिपोर्टात फॉस्फरस 5.9 आणि पोटॅशियम 5.4. आता कळलं की फिरायला जातो म्हणून रोज स्टँडजवळ गोबी मंचुरी, नाहीतर चीज सँडविच आणि वर कोला चाललाय. विचारलं तर म्हणतात गोबी भाजीच की, त्यातला कृत्रिम रंग पण कर्नाटक सरकारनं बंद केलाय. काय सांगू त्यांना?

डायलिसिस_टेक्निशियन: रंग 2024 च्या मार्चमधे बंद केला ते खरं हो, पण सोया सॉस न् अजिनोमोटो तसंच आहे की. दिवसाचं मीठ लोणचं-पापड धरून 5 ग्रॅम म्हणतात आणि एका मोठ्या चमचा सोया सॉसमधेच दोन ग्रॅमच्या वर जातं. फॉस्फरसचं वेगळंय. डाळीतला, ज्वारीतला साधारण निम्मा किंवा त्याहून कमीच अंगात मुरतो, पण कारखान्यात घातलेला फॉस्फेट 90 टक्क्यांच्या आसपास मुरतोय. चीज क्यूबच्या डब्यावर, फ्रोजन नगेटच्या पाकिटावर 338 ते 341 किंवा 450 ते 452 असा फॉस्फेटचा नंबर दिसला की ठेवून द्यायचं. कोल्यात 338 असतंच. पोषणाच्या तक्त्यात फॉस्फरस बहुतेक लिहीतच नाहीत, म्हणून घटकांची बारीक अक्षरंच वाचायची. भाकरी बंद करून पाव देत असाल तर उगीच करालाय.

शहापूरची_काकू: आमच्या ह्यांचं डायलिसिस चालूय. एक सांगते बाळा, ते लो-सोडियम मीठ कुणी सुचवलं तर आणू नको, त्यात पोटॅशियम क्लोराईड असतंय, मीठ वाचवायला जाऊन पोटॅशियम वाढायचं. सैंधव पण शेवटी मीठच. बटाटा खायचाच झाला तर मी सोलून बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळते आणि पाणी ओतून टाकते. फ्रेंच फ्राईजला एवढं कोण करतंय, त्या नकोच.

निपाणीवाला: काकू, लो-सोडियमच आणलंय महिन्याभरापासून 😐 आजच बंद करतो. चीजच्या डब्यावर 339 आणि 452 दोन्ही निघाले. बीपीच्या गोळीनं पण पोटॅशियम वाढतं असं वाचलं, थांबवू का?

डायलिसिस_टेक्निशियन: काही गोळ्यांनी वाढतं, पण स्वतःहून थांबवू नका, मिठाचं आणि गोळीचं दोन्ही डॉक्टरांना फोन करून सांगा, ते रक्त परत तपासायला लावतील. मधेच हातापायातली ताकद गेल्यासारखी वाटली, छातीत धडधड झाली तर वाट बघू नका, सरळ दवाखाना. फॉस्फरस कमी करायची गोळी दिलीय का?

निपाणीवाला: दिलीय, रात्री झोपताना घेतात.

डायलिसिस_टेक्निशियन: मग ती वायाच चाललीय हो. ती पोटात अन्नातल्याच फॉस्फरसला धरून ठेवते, जेवताना घ्यायची.