एका डोळ्याचा आयसीई सिंड्रोम आणि काचबिंदू : लेसरने भागेल का?

प्रश्न (अशोक चौक, सोलापूर)
माझी बहीण ३८ वर्षांची असून गणवेश शिवण्याच्या कारखान्यात काम करते. सकाळी उठल्यावर तिला उजव्या डोळ्याने धूसर दिसते, दिव्यांभोवती वलये दिसतात आणि दुपारपर्यंत नजर बरीच निवळते. त्या डोळ्याची बाहुलीही एका बाजूला ओढली गेली आहे. डॉक्टरांनी आयसीई सिंड्रोम (इरिडोकॉर्नियल एंडोथेलियल सिंड्रोम) या डोळ्याच्या आजारातला चँडलर हा प्रकार सांगितला असून, दोन प्रकारचे थेंब घालूनही डोळ्यातला दाब २८ (मिमी पारा) असल्याने शस्त्रक्रिया सुचवली आहे. आमच्या वडिलांचा काचबिंदू लेसरने आटोक्यात आला होता. हिच्याबाबत तसे होऊ शकेल का? आणि हा आजार आनुवंशिक आहे का?

उत्तर (नेत्रविभागातील डॉक्टर)
हा आजार सहसा आनुवंशिक नसतो. तो बहुधा एकाच डोळ्यात आणि तरुण वा मध्यम वयाच्या स्त्रियांत अधिक आढळतो. यात कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) सर्वांत आतल्या थरातील पेशी बिघडतात, त्यांचा पातळ पापुद्रा डोळ्यातील पाण्याचा निचरा होणाऱ्या कोनावरून आयरिसवर (बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यावर) पसरतो आणि आकसताना आयरिसला ओढून कोन चिकटवून टाकतो, असे कॅम्पबेल व सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये मांडले. अडथळाच या पापुद्र्याचा असल्याने लेसरचा किंवा पायलोकार्पिनचा (बाहुली आकसवणाऱ्या थेंबांचा) येथे फारसा उपयोग होत नाही. पाणी तयार होणेच कमी करणारी टिमोलॉल, ब्रिमोनिडीन, डॉर्झोलामाइड ही औषधे आधी वापरतात. त्यांपैकी डॉर्झोलामाइड देताना कॉर्नियाची सूज वाढत नाही ना, हे पाहावे लागते.

तरीही पुष्कळ रुग्णांना शस्त्रक्रिया लागते. मायटोमायसिन (व्रण धरू न देणारे औषध) लावून केलेल्या ट्रॅबेक्युलेक्टमीचे, म्हणजे पाण्याला नवी वाट करून देणाऱ्या शस्त्रक्रियेचे, छिद्र त्याच पापुद्र्याने पुढे बुजू शकते, म्हणून काही तज्ज्ञ पाणी बाहेर काढणारी नळी बसवतात : अहमद व्हॉल्व्ह किंवा मदुराईच्या ऑरोलॅबची. दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागली, तर पहिली चुकली असा अर्थ कृपया काढू नये. आणखी एक गोष्ट अनेकदा निसटते : कॉर्नियाला सूज असताना दाब प्रत्यक्षापेक्षा कमी मोजला जाऊ शकतो, त्यामुळे नुसत्या आकड्यावर न थांबता दृष्टीक्षेत्र आणि नेत्रतंतूची तपासणी नियमित व्हायला हवी.

उत्तर (होटगी रोड, सोलापूर)
माझ्या पत्नीला हाच आजार असून तिला नळी बसवली आहे. दाब उतरल्यावर सकाळचा धूसरपणा बराच कमी झाला. स्पेक्युलर मायक्रोस्कोपीचे (कॉर्नियाच्या आतल्या थरातील पेशी मोजणाऱ्या तपासणीचे) जुने अहवाल मात्र जपून ठेवा. पेशी किती घटल्या हे ताडून पाहायला आणि कॉर्नियाचे रोपण कधी लागेल याचा अंदाज बांधायला ते डॉक्टरांच्या उपयोगी पडतात.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. बहिणीला लहानपणापासून दमा आहे आणि तिच्या एका बाटलीवर टिमोलॉल असे लिहिले आहे.

उत्तर (नेत्रविभागातील डॉक्टर)
दम्याच्या रुग्णांना टिमोलॉल देत नाहीत, कारण डोळ्यात घातलेला थेंबही रक्तात उतरून श्वासनलिका आवळू शकतो. पुढचा थेंब घालण्यापूर्वी, आजच, तिच्या डॉक्टरांना फोन करून दम्याची माहिती द्या आणि त्याऐवजी दुसरे औषध लिहून घ्या; बाकीचे थेंब चालू ठेवा. धाप लागत असेल, तर वाट न पाहता तिला थेट रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या.