मदत हवी आहे: कॉन्स्टान्झ (जर्मनी) – घर, प्रवास आणि सीमेपलीकडची नोकरी

निवडुंग:
नमस्कार मंडळी. भाची ऑक्टोबरपासून बोडनझे तळ्याकाठच्या कॉन्स्टान्झ विद्यापीठात मास्टर्सला जातेय. विमान फ्रँकफर्टचं घ्यावं की झुरिकचं? वसतिगृह नाही मिळालं तर घर कुठे बघायचं? स्वित्झर्लंड चालत जाण्याइतकं जवळ आहे आणि पगारही जास्त, तर तिथे पार्टटाइम काम चालेल का? आणि तूप-लोणचं किती न्यावं?

आडवाटेवर:
झुरिकच. विमानतळाखालच्या स्टेशनातून कॉन्स्टान्झची थेट गाडी मिळते, सव्वा तासाच्या आत पोचते. फ्रँकफर्टहून चार-साडेचार तास, वर गाड्या बदला. जर्मनीचा डी व्हिसा (दीर्घ मुक्कामाचा) असला तरी झुरिकला उतरता येतं, कारण दोन्ही देश शेंगेन या सामाईक प्रवेशक्षेत्रात आहेत. प्रवेशाची तपासणी मात्र झुरिकलाच होते, म्हणून प्रवेशपत्र आणि विम्याचे कागद हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इन बॅगेत नको.

तूप नेऊ नका. भारतातून दुधाचे पदार्थ न्यायला स्वित्झर्लंडमध्येही बंदी आणि युरोपीय संघातही, म्हणजे पेढे-बर्फीही बाद. लोणचं चालतं, पण बरणी सीलबंद हवी. तूप तिथेच कढवा. दुकानात 'झाउअररामबुटर' मागायचं. ते विरजलेल्या सायीचं लोणी, त्यामुळे वास आपल्या घरच्या तुपाच्या जवळ जातो. न विरजलेल्या सायीचं 'झ्युसरामबुटर' घेतलं तर तूप होतं, पण सपक. 250 ग्रॅमच्या वडीतून साधारण 200 ग्रॅम तूप निघतं.

रेनाकाठी:
घराचं आधी बघा, बाकी सगळं नंतर. वसतिगृहं 'झेत्साइट' ही संस्था चालवते. प्रवेशपत्र आलं त्याच दिवशी अर्ज टाका, प्रतीक्षायादी लांब असते. गावात जागाच कमी: एका बाजूला तळं, दुसऱ्या बाजूला सीमा. दुसऱ्या महायुद्धात गावाने रात्री दिवे चालू ठेवले, शेजारच्या स्विस गावापासून वेगळं ओळखूच येईना, म्हणून बॉम्ब पडले नाहीत असं सांगतात. जुनं गाव त्यामुळे शाबूत राहिलं, पण तिथली घरंही तेवढीच जुनी. नीडरबुर्ग भागातली खोली फोटोत सुंदर दिसते. नोव्हेंबरात धुकं बसलं की भिंतीला बुरशी येते आणि डिपॉझिट त्यात जातं. खिडकी दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं सताड उघडायची. किलकिली ठेवून हवा बदलत नाही, भिंत मात्र गार होते.

गावात नाही मिळालं तर आलेन्सबाख, राडोल्फझेल, झिंगन बघा. सगळी झेहास लोकलवर आहेत, गाडी अर्ध्या तासाने असते. भाडं विचारताना 'काल्ट' की 'वार्म' ते विचाराच. काल्टमध्ये हीटिंग-पाणी नसतं. डिपॉझिट काल्ट भाड्याच्या तिपटीहून जास्त मागता येत नाही. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, करायची, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. तो द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याची खोली घेऊ नका.

लोणचंपोळी:
स्वित्झर्लंडमधलं काम विसरा. जर्मन विद्यार्थी परवाना तिथे चालत नाही. युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला सीमेपलीकडे रोज कामाला जायचं तर जर्मनीत कायम वास्तव्याचा हक्क लागतो. जर्मनीत मात्र वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. विद्यापीठातल्या 'हिवी' म्हणजे विद्यार्थी-सहाय्यकाच्या नोकऱ्या या हिशेबात धरत नाहीत, आधी त्याच शोधा.

फोनचं आत्ताच सांगून ठेवते. जुन्या गावात मोबाइल परस्पर स्विस नेटवर्क पकडतो. स्वित्झर्लंड युरोपीय संघाच्या रोमिंगमध्ये नाही, त्यामुळे बऱ्याच जर्मन प्लॅनवर भरमसाट बिल येतं. सिम घातल्या घातल्या 'ऑटोमॅटिक नेटवर्क' बंद करून जर्मन कंपनी हाताने निवडा.

किराणा शनिवारी नको. त्या दिवशी स्विस मंडळी खरेदीला लोटतात. 50 युरोंच्या वरच्या बिलावर त्यांना जर्मन व्हॅट परत मिळतो, म्हणून काउंटरवर प्रत्येकाचा निर्यातीचा कागद भरत बसतात आणि रांग सरकत नाही. मंगळवारी-बुधवारी सकाळी जा. रविवारी दुकानं बंद. एक ऑगस्टला, म्हणजे स्विस राष्ट्रीय दिनाला, तिकडे सुट्टी आणि इकडे नाही, त्यामुळे त्या दिवशी शनिवारहून वाईट गर्दी.

निवडुंग:
बापरे, फोनचं डोक्यातच नव्हतं. भाची मासे खाते, तळ्यातले ताजे मिळतात ना?

रेनाकाठी:
'फेल्शन' हा इथला नावाजलेला मासा. तो इतका घटला की तळ्याच्या मुख्य भागात, ओबरझेमध्ये, 2024 पासून तीन वर्षं धरायलाच बंदी घातली. तरी हॉटेलांच्या मेनूवर तो दिसतो, बहुतेक बाहेरून आणलेला. ऑर्डर देण्याआधी कुठला ते विचारायला सांगा.