पीसीवर न्यूक्लिअर मेडिसिन: खेळखंडोबा कोणाचा?

अर्धायुष्य:
शेजारच्या धाग्यावर एकाने ठोकून दिलंय, "गामा कॅमेऱ्याच्या प्रतिमा पीसीवर प्रोसेस करणं हा खेळखंडोबा आहे, कंपनीच्या वर्कस्टेशनला पर्याय नाही." कशाच्या जोरावर? रुग्णाला दिलेल्या किरणोत्सारी औषधाचे गामा किरण हा कॅमेरा पिक्सेलगणिक मोजतो, तेच काउंट. ६४ × ६४ मॅट्रिक्स (पिक्सेलची जाळी), ६० प्रोजेक्शन (वेगवेगळ्या कोनांतली चित्रं), पिक्सेलला २ बाइट: स्पेक्टचा, म्हणजे कॅमेरा रुग्णाभोवती फिरवून केलेल्या त्रिमितीय स्कॅनचा, अख्खा कच्चा डेटा ४८० केबी! मोबाइलचा फोटो याहून मोठा असतो. डीएमएसए या किडनीच्या स्कॅनमध्ये दोन किडन्यांच्या कामाचं प्रमाण काढायला तर इमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. पुढच्या-मागच्या प्रतिमांवर आरओआय (मोजायच्या भागाभोवतीची रेघ) टाका, क्षेत्रफळाच्या हिशोबाने बॅकग्राउंड वजा करा, दोन्हींतल्या काउंटच्या गुणाकाराचं वर्गमूळ घ्या. फक्त पुढची प्रतिमा आडवी उलटवून घ्या, नाहीतर डावी किडनी उजवीच्या काउंटशी गुणाल.

कोलिमेटर:
वेगाबद्दल कोण भांडतंय? बिघडतं ते फाइल उघडताना. काउंट ३२,७६७ च्या वर गेले आणि प्रोग्रामने १६ बिट साइन्ड (ऋण आकडेही मानणारे) धरले, की औषध साठलेलं मूत्राशय थेट ऋण! बाइटचा क्रम चुकला तर चित्राचा भुगा होतो, निदान तो दिसतो तरी. जेपीजीवर आरओआय टाकणाऱ्यांना तेही कळत नाही. ०–२५५ मध्ये कोंबलेले आकडे म्हणजे काउंट नव्हेत. आणि सीओआरची, म्हणजे कॅमेऱ्याच्या फिरण्याच्या केंद्राची, दुरुस्ती लागली आहे का, हे न बघता स्पेक्टची पुनर्रचना केलीत तर बिंदूस्रोताचं कडं होतं.

अर्धायुष्य:
कडी वर्कस्टेशनवरही उमटतात, साहेब, फ्लड (पिक्सेलांची असमानता दुरुस्त करायला घेतलेली एकसारख्या स्रोताची प्रतिमा) कच्चा असला की. १ टक्का नॉइजसाठी पिक्सेलला १०,००० काउंट हवेत, म्हणजे ६४ × ६४ मधल्या गोल दृश्यक्षेत्राला सुमारे ३ कोटींचा फ्लड आणि १२८ × १२८ ला चौपट. तो ३० लाखांवर उरकला तर कंपनीचा लोगो काय करणार?

रंगाचा बेरंग:
खरं दुखणं काउंटला रंग देणाऱ्या रंगपट्ट्यांचं आहे, त्यावर सगळे गप्प! १० पायऱ्यांची पट्टी लावली की ६९ आणि ७१ टक्के वेगळ्या रंगात, ६१ आणि ६९ मात्र एकाच.

कोलिमेटर:
विषय पीसी आहे, रंगपंचमी नव्हे.

रंगाचा बेरंग:
विषय तोच आहे. बोन स्कॅनमध्ये व्ह्यूअर मूत्राशयाला १०० टक्के धरतो आणि फासळ्या गायब. वरची मर्यादा हाताने खाली ओढा, नाहीतर मूत्राशय झाका. पांढऱ्यावर काळं ठेवा. रंग हवेतच तर सलग पट्टी घ्या.

अर्धायुष्य:
परफ्युजनला (हृदयाच्या रक्तपुरवठ्याच्या स्कॅनला) रंग लागतातच हो. पण तिथेही आतड्यातला टपका कमाल बळकावून बसतो. हृदयाच्या भिंतीतल्या कमाल काउंटवरच स्केल बेतायची.

रंगाचा बेरंग:
म्हणजे मी तेच म्हणतोय. धन्यवाद!

कोलिमेटर:
बरं बाबा, डीएमएसए करा पीसीवर. पण स्पेक्टच्या आधी एकाच फँटमचा (रुग्णाऐवजी वापरायच्या चाचणी-नमुन्याचा) डेटा पीसी आणि वर्कस्टेशन दोन्हीकडे चालवा. बटरवर्थ या नॉइज गाळणाऱ्या फिल्टरचा कटऑफ एकीकडे नायक्विस्टच्या (पिक्सेलला पेलणाऱ्या कमाल वारंवारतेच्या) पटीत असतो, दुसरीकडे सायकल प्रति पिक्सेल. नायक्विस्टचा ०.५ म्हणजे ०.२५ सायकल प्रति पिक्सेल. ०.५ तसाच टाकलात तर फिल्टर जवळजवळ नसल्यासारखाच, सगळा नॉइज यकृतावर.

अर्धायुष्य:
एकक वाचायला वर्कस्टेशन लागतं का?

कोलिमेटर:
काहींना लागतं.