लोखंडी गाभ्याच्या नायलॉन गिअरला पेटंट? कूपवाड-मिरजेच्या मोल्डरांनी जरा वाचा

कूपवाड टूलरूम
काल आपल्या ग्रुपवर एक पोस्ट फिरली. मिरज एमआयडीसीतल्या एका तरुण मोल्डरनं बेदाणा ग्रेडिंगच्या मशीनसाठी मधे स्टीलचा बुश, म्हणजे गाभा, आणि वर नायलॉनचे दात असा गिअर काढलाय. इथवर छान. पुढं लिहिलंय, "असा गिअर पहिल्यांदाच. पेटंट टाकतोय. यापुढं कुणाला करायचा असेल तर आमची परवानगी लागेल." खाली नुसती अभिनंदनं.

राग आलाय तो त्या शेवटच्या वाक्याचा. माझे वस्ताद हँड मोल्डिंगच्या मशीनवर हेच करायचे. नर्लिंग केलेला, म्हणजे बाहेरून खरबरीत दाते पाडलेला बुश साच्यात ठेवायचा, दांडा ओढायचा, गिअर बाहेर. जनरल मोटर्सच्या व्ही-एट इंजिनांत 1960-70 च्या दशकांत अ‍ॅल्युमिनियमच्या गाभ्यावर नायलॉनचे दात असलेली टायमिंग स्प्रॉकेट, म्हणजे साखळीची दातेरी चाकं होती. ते दात तुटून तेलाच्या चाळणीत अडकायचे म्हणून बदनामही झाली. आजच्या गाड्यांच्या इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगमधलं वर्म व्हील बघा, मधे स्टीलचा हब आणि वर दातांची प्लास्टिकची रिम. यात पहिल्यांदा काय आहे?

सुप्रीम कोर्टानं 1978 मध्येच बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात सांगून ठेवलंय. भांडी घासून चकचकीत करताना लेथवर धरायच्या साधनाचं पेटंट होतं, ते रद्द झालं. जुन्याच गोष्टीत कारागीर सहज करेल अशी सुधारणा म्हणजे शोध नव्हे. उद्या या पेटंटची नोटीस दोन मशीनवाल्या पोराच्या हातात पडली तर तो कोर्टात जाणार नाही, ऑर्डर सोडून देईल. मला भीती त्याची आहे.

मिरजेची डिझायनर
दादा, तुमचा अनुभव मोठा आहे, पण गिअर न बघता निकाल दिलात. बुशवर नर्लिंग मारून नायलॉन ओतणं आणि तो गिअर वर्षभर न तडकता चालवणं ही दोन वेगळी कामं आहेत.

स्टील एका अंशाला दहा लाखात साधारण 12 भाग वाढतं, नायलॉन 80 च्या आसपास. साच्यातून निघून थंड होताना नायलॉनला आकसायचं असतं आणि आतला गाभा त्याला आकसू देत नाही. हा ताण रिममध्ये कायमचा बसतो. दोन गेटच्या, म्हणजे साच्यात माल शिरायच्या तोंडांच्या मधे जिथं वितळलेला माल येऊन जुळतो ती वेल्ड लाइन सगळ्यात कमजोर. त्यात नर्लिंगची धारदार टोकं. मग गिअर तिथूनच उकलतो, तेही पार्टीकडं, म्हणजे गिऱ्हाइकाकडं गेल्यावर.

आणि गाभा हवाच असतो. 60 मिमीचा नुसता नायलॉनचा गिअर 50 अंशांनी तापला की व्यासात पाव मिलिमीटरच्या घरात फुगतो, बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक संपते. वर बेदाणा धुण्याच्या लाइनजवळ ओल. पाण्यात बुडून राहिलं तर नायलॉन 66 वजनाच्या 8 टक्क्यांच्या आसपास पाणी पितं. खाण्याच्या मालाला ग्रीस चालत नाही म्हणून ग्रीसविना चालणारं नायलॉन सोडताही येत नाही. अशा अडचणीत कुणी गाभ्याचा असा आकार काढला की माल दोन्ही बाजूंनी आरपार जाऊन घट्ट धरतो, तरी रिमला तड जात नाही, तर तो शोध का नाही?

कूपवाड टूलरूम
ताई, भोकं पाडून माल आरपार नेणं हेही जुनंच आहे. गाभा तापवून साच्यात ठेवणंही जुनं. पुस्तकातलं गणित आम्हाला हाताला कळतं.

मिरजेची डिझायनर
हाताला कळतं तर लिहून कुठं ठेवलंय? पेटंटचा एक्झामिनर मुंबईत बसून तुमचा हात वाचणार आहे का?

सातारा जॉबवर्क
पेटंट राहू द्या. आमच्याकडं काय चालतं ते कुणी बोलणार आहे का? मी असाच गिअर एका मोठ्या पार्टीला करून दिला. गाभ्याची खाच माझी, गेटची जागा माझी, ट्रायलचा माल माझा. पार्टीनं साच्याचे पैसे दिले होते. सहा महिने पुरवठा झाल्यावर एक दिवस टेम्पो आला आणि साचा उचलून नेला. आता तोच गिअर चाकणला कुणीतरी पंचवीस पैसे कमी घेऊन काढतोय. साचा त्यांचा, मान्य. साच्यातली अक्कल कुणाची?

पलूस फाउंड्री
भाऊ, अगदी मनातलं बोललात. वर पैसे कधी? 2006 च्या एमएसएमई कायद्यात छोट्या उद्योगांचे पैसे द्यायला जास्तीत जास्त 45 दिवस लिहिलेत. आयकरात 43बी(एच) आलं, म्हणजे आमचे पैसे थकवले तर पार्टीला त्या खर्चाची वजावट लगेच मिळत नाही, तेव्हा वाटलं, आता तरी देतील. आमच्या पार्टीनं उलट विचारलं, "उद्यमचं (छोट्या उद्योगाचं) रजिस्ट्रेशन सोडता का, नाहीतर दुसरा सप्लायर बघतो." इथं पेटंटची फी भरायला कुणाकडं उरतंय?

सातारा जॉबवर्क
तेच म्हणतोय. ड्रॉइंग मेलवर मागतात, "अ‍ॅप्रूव्हलला पाहिजे" म्हणून. अ‍ॅप्रूव्हल होतं, आणि तेच ड्रॉइंग आमचं नाव पुसून तीन जणांकडं कोटेशनला जातं. त्यातला एक माझा मेव्हणा होता म्हणून कळलं.

कूपवाड टूलरूम
साताऱ्याच्या दादांचं दुःख खरं आहे. पण साच्याची मालकी ऑर्डर घेतानाच लिहून घ्यायची असते. आम्ही साचे बनवणारे टूलरूमवाले ओरडून सांगतो, टूलिंगचे पैसे घेताना "डिझाइन आमचं" अशी एक ओळ तरी टाका. तुम्ही ऑर्डर हातची जाईल म्हणून गप्प बसता आणि मग टूलरूमवर संशय घेता.

सातारा जॉबवर्क
संशय घेतला कारण साच्याचं थ्रीडी मॉडेल बाहेर गेलंच होतं. ते माझ्याकडं नव्हतंच, टूलरूमकडंच होतं. मला शहाणपण शिकवू नका.

कूपवाड टूलरूम
कुठल्या टूलरूमकडं, नीट बोला. सगळ्यांना एका दावणीला बांधायचं नाही. इथं रात्रपाळीला वायरकट चालवून पोरं वाढवलीत आम्ही.

पलूस फाउंड्री
दोघंही शांत व्हा. भांडण एकमेकांशी नाही, पार्टीशी आहे.

पेटंटचं काम बघतो, सांगली
मूळ मुद्द्यावर येतो, कारण दोन्हीकडून अर्धंच बोललं गेलंय.

"धातूचा गाभा, प्लास्टिकचे दात" एवढाच क्लेम, म्हणजे पेटंटमध्ये मागितलेला हक्क, असेल तर तो टिकायचा नाही. टूलरूमवाल्या दादांचं तेवढं बरोबर. पण पेटंट कायद्याचं कलम 3(एफ) पुढं करून सगळंच उडवता येणार नाही. ते कलम माहीत असलेली साधनं नुसती शेजारी ठेवण्याबद्दल आहे, जिथं प्रत्येक साधन आपापलं, स्वतंत्र काम करतं. इथं गाभा आणि रिम एकमेकांवर ताण देतात आणि त्या ताणाचाच उपाय सांगितलाय. खरा प्रश्न कलम 2(1)(जेए) चा: आधीच्या ज्ञानापुढं तांत्रिक प्रगती आहे का किंवा आर्थिक महत्त्व आहे का, आणि जाणकार माणसाला ते सहज सुचलं नसतं का. खाचेचा कोन, भोकांची जागा, रिमची जाडी, आणि त्यानं आयुष्य किती वाढलं याची चाचणी, हे लिहिलं तर क्लेम अरुंद होईल, पण उभा राहील.

दुसरं कुणीच विचारलं नाही. त्या पोरानं गिअर आधी विकलाय का? अर्ज टाकण्याआधी खुल्या बाजारात विकला असेल तर नावीन्य त्यानंच घालवलंय. साताऱ्याच्या भाऊंनी गुप्ततेचा करार करून ड्रॉइंग दिलं असतं तर ते "जाहीर" झालं नसतं. तुमचा मेव्हणा आणि हे पेटंट, दोन्ही त्याच गुप्ततेच्या कागदावर येऊन अडतात.

मिरजेची डिझायनर
आणि आपल्याकडं छोट्या सुधारणेला छोटं संरक्षणच नाही. जर्मनीत, चीनमध्ये त्यासाठी युटिलिटी मॉडेल नावाचं छोटं पेटंट आहे, दहा वर्षांचं. आपल्याकडं 20 वर्षांचं पेटंट, नाहीतर काहीच नाही. डिझाइन कायदा दिसण्यापुरता, यंत्राच्या कामाला तो लागत नाही. म्हणून लोक फुगवून क्लेम लिहितात.

कूपवाड टूलरूम
खाचेच्या कोनाला मिळत असेल तर घेऊ दे, माझी हरकत नाही. "परवानगी लागेल" हे वाक्य मात्र मागं घ्या म्हणावं. कोन बदलून मी उद्या तसाच गिअर करणार.

पेटंटचं काम बघतो, सांगली
करा. फक्त क्लेम प्रसिद्ध झाल्यावर नीट वाचून करा. अर्ज साधारण 18 महिन्यांनी उघडा होतो. तुमच्या वस्तादांच्या वेळचं चलन, बिल, जुना गिअर, जे असेल ते शोधून ठेवा. पेटंट मिळायच्या आधी कलम 25(1) खाली कुणीही विरोध नोंदवू शकतो, आणि "भारतात आधीपासून वापरात होतं" हे त्यातलं एक कारण आहे. ग्रुपवर केलेला आरडाओरडा पुरावा म्हणून चालत नाही, तारखेचं चलन चालतं.

कूपवाड टूलरूम
जुनी चलनं माळ्यावर पोत्यात आहेत. रविवारी काढतो.

सातारा जॉबवर्क
माझ्या खाचेचं काय? पार्टीकडं माल गेला तो करार नसताना.

पेटंटचं काम बघतो, सांगली
त्या खाचेचं आता अवघड आहे, खोटी आशा देत नाही. पुढचा आकार सुचला तर पार्टीला दाखवायच्या आधी प्रोव्हिजनल, म्हणजे पेटंटचा प्राथमिक अर्ज भरा. एकट्या माणसाला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन 1600 रुपये फी आहे. पूर्ण अर्जाला 12 महिने मिळतात, तेवढ्यात चाचण्या करून घ्या. आणि आकार इथं ग्रुपवर टाकू नका.