केबिन एअर कॉम्प्रेसरची मोटर थंड ठेवणारा हवेचा प्रवाह कसा वाढवावा?

प्रश्न: बोइंग ७८७ मध्ये केबिनसाठी लागणारी हवा इंजिनातून न घेता विजेवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरने बाहेरून ओढली जाते. अशा कॉम्प्रेसरच्या मोटरला थंड हवा कमी पडत असेल, तर मोठा पंखा बसवणे हाच उपाय आहे का?

उत्तर १: पंख्याला हात लावण्याआधी हवेची वाट तपासावी. नलिकेतील दाबाची हानी साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे एखादे अरुंद, काटकोनी वळण बाकीच्या सगळ्या नलिकेपेक्षा जास्त दाब खाऊन टाकू शकते. शिवाय हवा नेहमी सोपी वाट धरते. स्टेटर (मोटरचा स्थिर भाग) आणि बाहेरचे कवच यांच्यामध्ये मोठी फट राहिली, तर बहुतेक हवा तिथूनच निसटते आणि रोटरभोवतीच्या (फिरणाऱ्या भागाभोवतीच्या) अरुंद फटीला तसेच वाइंडिंगच्या (तारांच्या वेटोळ्यांच्या) टोकांना, म्हणजे जिथे तापमान बहुधा सर्वाधिक असते तिथे, फारच थोडी मिळते. त्या मोठ्या फटीत अडथळा घालून हवा वळवणे मला पंख्यापेक्षा शहाणपणाचे वाटते.

उत्तर २: सहमत, पण उंचीचाही विचार करावा. सुमारे १२ किलोमीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या एक चतुर्थांश असते. हवा अतिशय थंड असली तरी उष्णता वाहून नेणारे वस्तुमान घटते.

प्रश्नकर्ता: मग जमिनीवरची स्थिती तुलनेने सोपी मानावी का?

उत्तर २: नाही. तिथे हवा उष्ण असते आणि विमानाच्या वेगामुळे मिळणारा दाबही नसतो, म्हणून पंखा लागतोच.