शब्दचर्चा : ‘साक्ष देणे’ आणि ‘सुवार्ता’

चौकस :
नगरला ख्रिस्ती मैत्रिणीच्या घरी प्रार्थनासभेला गेले होते. गाणी झाली, मग एक मावशी पदर सावरत उठल्या आणि म्हणाल्या, “मला साक्ष द्यायचीय.” मला वाटलं, कोर्टाची काही भानगड! तर त्यांनी नवऱ्याची दारू कशी सुटली ते सांगितलं आणि दोन मिनिटांत खाली बसल्या. याला ‘साक्ष’ का म्हणतात? ‘सुवार्ता’ आणि ‘शुभवर्तमान’ एकच का? आणि खरं विचारायचंय ते हे, की आपली श्रद्धा दुसऱ्याला सांगायची एवढी ओढ का? आमच्याकडे देव आपापल्या देव्हाऱ्यात.

वऱ्हाडी ठेचा :
आमच्या विदर्भात साखरपुड्याला साक्षगंध म्हणतात. (अवांतराबद्दल क्षमस्व.)

व्युत्पत्तीवेडा :
अवांतर कसलं, चार माणसांदेखत झालं म्हणूनच ते साक्षगंध. पाणिनीने ‘साक्षी’ची फोड ‘साक्षात् पाहणारा’ अशीच केली आहे (५.२.९१). ऐकीव सांगणारा साक्षी नव्हे. बायबलच्या नव्या करारातला ग्रीक शब्द ‘मार्तुस’, तोही कोर्टातलाच. पुढे जिवावर बेतलं तरी ज्यांनी साक्ष फिरवली नाही, त्यांनाच तो शब्द चिकटला. मराठी ख्रिस्ती त्यांना ‘रक्तसाक्षी’ म्हणतात. ‘हुतात्मा’पेक्षा मला हा शब्द जास्त आवडतो, त्यात मूळ अर्थ शाबूत आहे.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात, येशूने दृष्टी दिलेल्या जन्मांध माणसाची उलटतपासणी आहे. परूशी, म्हणजे त्या वेळचे कर्मठ यहुदी, खोदून खोदून विचारतात, तुला बरं करणारा पापी आहे ना? तो म्हणतो, ते मला ठाऊक नाही. मी आंधळा होतो, आता दिसतंय, एवढं ठाऊक आहे. तुमच्या मावशी त्याच चालीवर बोलल्या. त्यात सिद्धान्त नाही, डोळ्यांदेखत घडलेलं तेवढं आहे.

वसईकर :
आमच्याकडे मिस्सेत (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) वाचतात ते शुभवर्तमान, लोकांना सांगायची ती सुवार्ता. वसईच्या मासिकाचं नावच ‘सुवार्ता’, फादर फ्रान्सिस दिब्रिटो कितीतरी वर्षं त्याचे संपादक होते. ‘वर्तमान’चा इथे वर्तमानकाळाशी संबंध नाही. जुन्या मराठीत वर्तमान म्हणजे खबर, म्हणून तर वर्तमानपत्र.

मुळातला ग्रीक शब्द ‘एव्हांगेलिऑन’ हा दरबारी. लढाई जिंकल्याची, राजाच्या घरची आनंदाची खबर. आजच्या तुर्कस्तानातल्या प्रीनी इथे इ.स.पू. ९ चा शिलालेख सापडला, त्यात ऑगस्टस बादशहाचा जन्मदिवस हीच जगाला मिळालेली सुवार्ता, असं म्हटलंय. ख्रिस्ती लोकांनी तोच शब्द उचलला आणि बादशहाच्याच माणसांनी क्रुसावर चढवलेल्या एकासाठी वापरला! तुमच्या ‘का’चं उत्तर मला इथे दिसतं. व्रत मनातल्या मनात पाळता येतं. खबर मनात ठेवली तर ती खबर कसली? पोरगी दहावीला पास झाली की पेढे वाटतो, शेजाऱ्याने मागितलेले असतात का?

संशयात्मा :
पेढा खाल्ला म्हणून कुणी आडनाव बदलायला सांगत नाही, साहेब. आणि तुमच्यात येशूची ‘महान आज्ञा’ आहेच की : जा आणि शिष्य करा. म्हणजे वरून हुकूम.

व्युत्पत्तीवेडा :
मत्तय २८:१९. मराठीत ते ‘जाऊन… शिष्य करा’ असं आहे, आणि गंमत म्हणजे ग्रीकमध्येही तसंच. आज्ञार्थी क्रियापद एकच, ‘शिष्य करा’. जाणं हे आपल्या ‘-ऊन’सारखं धातुसाधित. मराठीला ही रचना आयती मिळाली, इंग्रजीत मात्र दोन हुकूम झाले. पण हुकूम आहेच, नाकारत नाही. प्रेषित पौल तर म्हणतो, सुवार्ता सांगितली नाही तर माझी धडगत नाही (१ करिंथ ९:१६). पेत्राचं वचन मात्र कुणी फारसं काढत नाही : तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर तयार ठेवा, पण सौम्यतेने द्या (१ पेत्र ३:१५).

आता आडनाव बदलण्याबद्दल, म्हणजे धर्मांतराबद्दल. ‘धर्मांतर केलं’ यात स्वतःचं की दुसऱ्याचं, हे कळत नाही. मराठीचा हा घोळ बऱ्याच भांडणांच्या मुळाशी आहे. घटनेच्या कलम २५ मध्ये धर्माच्या ‘प्रसारा’चा हक्क आहे. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, प्रसारात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला तो पुढे काही वर्षांनी, स्वतःचं मन झालं तेव्हा. सांगणारा घरातलाच होता, तरीही.

संशयात्मा :
लक्ष्मीबाईंचं पटलं. पण सिग्नलला गाडीच्या काचेतून पत्रक सरकवतात, ती साक्ष की जाहिरात?

वसईकर :
जाहिरात. तोंड न उघडता साक्ष कशी होईल?

चौकस :
मैत्रिणीला हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्या मावशींनी नवऱ्याची परवानगी घेऊनच सांगितलं होतं, तो मागच्याच रांगेत बसला होता. आता शेवटचं : ‘सुवार्तिक’चं स्त्रीलिंग काय?