मुलांच्या सिरपसाठी थर्ड पार्टी उत्पादक निवडायचा आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नाशिक जिल्ह्यात आमची औषधांची होलसेल एजन्सी आहे. आता स्वतःच्या ब्रँडखाली मुलांची दोन-तीन औषधे काढायचे ठरले आहे: पॅरासिटामॉल सस्पेन्शन, झिंकचे सिरप आणि जमल्यास खोकल्याचे एक औषध. कारखाना टाकायची ऐपत नाही. लोन लायसन्स (दुसऱ्याच्या कारखान्यात स्वतःच्या परवान्यावर उत्पादन) घेतले तर कच्चा माल आपणच पुरवायचा, आणि तो पारखणारी माणसे आमच्याकडे नाहीत. म्हणून थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्या कारखान्याने त्यांच्या लायसन्सवर बनवलेला माल आमच्या ब्रँडखाली.

दोन पार्ट्यांशी बोलणी चालू आहेत, एक हिमाचलमधल्या बद्दीची आणि एक संभाजीनगरजवळच्या वाळूजची. बद्दीवाल्यांचा रेट बाटलीमागे दीड रुपयाने कमी आहे, शिवाय ते लहान बॅच काढायलाही तयार आहेत. पॅरासिटामॉलची कमाल किंमत सरकारने बांधलेली असल्यामुळे दीड रुपया आम्हाला लहान नाही. जीएमपी (चांगल्या उत्पादन पद्धतींचे) सर्टिफिकेट दोघांनीही पाठवले आहे.

अडलंय ते पुढे. प्रोपिलीन ग्लायकोल आणि ग्लिसरीन (सिरपमध्ये औषध विरघळवायला वापरतात ते सॉल्व्हंट) कुणाकडून घेता, असे मी दोघांना विचारले. वाळूजवाल्यांनी उत्पादकाचे नाव सांगून सीओए, म्हणजे त्या मालाचा चाचणी दाखला, पाठवला. बद्दीवाले म्हणाले, ‘वो हमारा काम है, आपको माल से मतलब.’ बद्दीत चांगले कारखाने भरपूर आहेत हे मला ठाऊक आहे, पण हे उत्तर काही पचत नाही.

1986 साली मुंबईत जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने 14 रुग्ण दगावले आणि त्यावर लेंटिन चौकशी आयोग बसला. माझे वडील तेव्हापासून याच धंद्यात आहेत, त्यामुळे ग्लिसरीन म्हटले की आमच्या घरात पहिला प्रश्न हाच येतो. 2022 मध्ये गांबियात आणि 2025 मध्ये छिंदवाड्यात मुले गेली तीही त्याच विषाने, डायएथिलीन ग्लायकोलने. छिंदवाड्याच्या सिरपमध्ये ते 48.6 टक्के सापडले, मर्यादा 0.1 टक्क्याची आहे. साध्या सर्दीखोकल्याची पोरं होती ती. मार्च 2021 पासून लेबलवर मार्केटर म्हणून ज्याचे नाव, तोही गुणवत्तेला जबाबदार असतो. पण कायदा नसता तरी मला झोप लागली नसती.

तर क्यूए (गुणवत्ता हमी) विभाग नसलेल्या माझ्यासारख्याने कारखान्यात जाऊन नेमके काय बघायचे? आणि करारात काय लिहून घ्यायचे?

प्रतिसाद

प्रश्न अगदी बरोबर जागी विचारलात. मी लिक्विड ओरल सेक्शनच्या क्यूएमध्ये बरीच वर्षे काढली आहेत, त्यावरून सांगतो.

गेलात की चकचकीत फिलिंग लाइन दाखवतील. तुम्ही आधी कच्च्या मालाच्या स्टोअरमध्ये जा. पिंपावर मूळ उत्पादकाचे सील आणि लॉट नंबर आहे, की मधल्या व्यापाऱ्याने दुसऱ्या पिंपात भरून दिलेला माल आहे? घोळ बहुतेक याच टप्प्यावर होतो. डायएथिलीन ग्लायकोल दिसायला ग्लिसरीनसारखेच, चवीला गोड आणि स्वस्त. डोळ्यांनी ओळखणे अशक्य. म्हणून एका लॉटमधून एकच नमुना चालत नाही, प्रत्येक पिंपाची चाचणी हवी. सीओएवर थांबू नका. त्यांनी स्वतः केलेल्या जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी) चाचणीचा ग्राफ मागा आणि त्यावरची तारीख बॅच रेकॉर्डमध्ये माल वापरल्याच्या तारखेच्या आधीची आहे ना, ते पडताळा. सिरपमध्ये घालतात त्या सॉर्बिटॉल या गोड द्रवालाही हेच लागू.

पहिली बॅच बाजारात सोडण्यापूर्वी तुमच्या खर्चाने मान्यताप्राप्त खासगी लॅबला पाठवा. मात्र डायएथिलीन आणि एथिलीन ग्लायकोलची चाचणी नाव घेऊन मागा. पॅरासिटामॉलचे प्रमाण बरोबर आहे एवढा रिपोर्ट आला, तर त्यावरून विष नाही असे ठरत नाही.

घरबसल्या दोन कामे करा. सीडीएससीओ (केंद्राची औषध नियंत्रण संस्था) दर महिन्याला निकृष्ट ठरलेल्या औषधांची यादी टाकते, तिच्यात दोन्ही कंपन्या शोधा. दुसरे म्हणजे, त्यांच्या लायसन्सवर तुमच्या फॉर्म्युल्याची प्रॉडक्ट परमिशन आहे का ते पाहा. नुसते लायसन्स असून भागत नाही. सुधारित शेड्यूल एमनुसार (औषध उत्पादनाच्या जीएमपी नियमांनुसार) काय बदल केले, तेही विचारा.

करारात मला महत्त्वाचे वाटते ते हे: तुमच्या लेखी संमतीशिवाय सॉल्व्हंटचा पुरवठादार बदलायचा नाही आणि तुम्हाला कधीही ऑडिट करता आले पाहिजे. माल परत बोलवावा लागला तर खर्च कुणाचा, हेही आधीच ठरवून घ्या.

बद्दीवाल्यांना हाच प्रश्न एकदा ईमेलवर विचारा. तिथेही नाव दिले नाही, तर रेट कितीही कमी असो, बोलणी थांबवा. आणि लेबले सुरुवातीला थोडीच छापा. त्यावर उत्पादकाचा पत्ता आणि लायसन्स नंबर असतो. पार्टी बदलली की सगळा गठ्ठा रद्दीत.